हिरव्या विषाचा हिशेब

आषाढात पावसाने ताण दिला, की खरीप ज्वारीची रोपे माना टाकतात आणि नेमका त्याच दिवसांत घरचा कडबा सरलेला असतो. भुकेले जनावर बांधावरून तोंड घालते ते याच रोपांना. फुलोऱ्यापूर्वीच्या कोवळ्या ज्वारीत, त्यातही पाण्यावाचून खुरटलेल्या रोपांत आणि कापलेल्या धाटांच्या बुडख्यांतून आलेल्या फुटव्यांत धुरीन नावाचे द्रव्य असते. पोटात त्याचे हायड्रोसायनिक आम्ल होते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते. भरपूर खाल्लेली गाय काही मिनिटांतच आडवी होऊ शकते. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट वेळेत शिरेतून गेले तर ती वाचते. पण डॉक्टर तालुक्याला आणि गाय शिवारात!

घाणेरीचे मारणे सावकाशीचे. शोभेसाठी परदेशातून आणलेल्या या झुडपाने डोंगरउतार आणि गायराने व्यापली. ते खाल्ले की यकृत बिघडते, कावीळ होते, अंगाचा पांढरा भाग उन्हात भाजून निघतो. त्या रानात वाढलेली जनावरे घाणेरीला सहसा तोंड लावत नाहीत. बळी पडतात ती चाऱ्याअभावी दुरून हाकत आणलेली, उपाशी जनावरे. शिवाय घाणेरी माजते तिथे गवत हटते. म्हणजे भूकही तीच वाढवते आणि विषही तीच पुढे करते.

अमेरिकेत या नुकसानीचा हिशेब मांडला गेला. विषारी वनस्पतींमुळे पश्चिमेकडच्या १७ राज्यांत गाईगुरे-मेंढ्यांचे वर्षाला सुमारे ३४ कोटी डॉलरचे नुकसान होते, असा अंदाज १९८८ मध्ये करण्यात आला. त्यात मेलेल्या जनावरांबरोबर घटलेल्या वेताचेही मोल धरले होते. युटा राज्यातल्या लोगन येथे तर याच विषयाला वाहिलेली सरकारी प्रयोगशाळा आहे.

आपल्याकडे? २०१९ च्या पशुगणनेने महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन मोजले. पण गणना जिवंतांची असते. बिबट्याने शेळी मारली तर वन खाते भरपाई देते. झुडपाने मारली तर पंचनामा कुणी करायचा? विमा असलाच, तर कानातला बिल्ला, शवविच्छेदन, दाखला हे सारे सोपस्कार पार पडेपर्यंत धनी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेलेला असतो.

‘कोवळी ज्वारी चारू नका’ हा सल्ला बरोबरच आहे. तो शेतकऱ्याला आजोबांपासून ठाऊक आहे. त्याला हवी आहे आषाढात चाऱ्याची पेंढी, आणि गावापासून हाकेच्या अंतरावरच्या पशुदवाखान्यात त्या दोन औषधांच्या बाटल्या. या बाटल्यांचा खर्च एका दुभत्या म्हशीच्या किमतीपुढे किती, हे तरी सरकारने एकदा कागदावर मांडावे. विषबाधेने मेलेल्या जनावरासाठी दवाखान्याच्या नोंदवहीत एक रकाना आखायला तर तेवढाही खर्च येत नाही.