एकतर्फी हुकूमनामा

आपल्या चालीरीतींहून निराळ्या रीतीने ईश्वराची उपासना करणारा एखादा लहानसा पंथ दृष्टीस पडला, की त्याच्याविषयी कुतूहल वाटणे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. त्यास आम्ही दोष देत नाही. प्रश्न एवढाच, की हे कुतूहल चौकशीच्या वाटेने जाते की चहाटळपणाच्या? दुसऱ्या वाटेने केवढा अन्याय घडतो, याचे उदाहरण आमच्या मायबोलीतच आहे. वरून साळसूद आणि आतून कपटी अशा मनुष्यास आपण ‘मानभावी’ म्हणतो. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हणही वाचकांनी ऐकलीच असेल. हा मानभाव कोण? तर तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी प्रवर्तिलेल्या महानुभाव पंथाचा अनुयायी! एका समग्र पंथाचे नावच शिवी होऊन बसावे, इतका त्याचा अपराध तरी कोणता?

अपराध म्हणाल तर एवढाच, की हे लोक काळी वस्त्रे नेसत, पंचकृष्णांवाचून अन्य देवतांस भजत नसत, वेदप्रामाण्य मानीत नसत, स्त्रियांसही संन्यासाचा अधिकार देत आणि आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहीत. या गुप्ततेने संशयास खतपाणी मिळाले, हे खरे. परंतु जे आपणांस वाचता येत नाही त्यात पापच असले पाहिजे, हा कोठला न्याय? ऐकीव गोष्ट न्यायासनापुढे सहसा पुरावा म्हणून चालत नाही. लोकमताच्या कचेरीत मात्र ती शतकानुशतके चालली.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि पेटीचे कुलूप निघाले. आत काय सापडले? मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ याच पंथाचे. आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो ती महदाइसाही याच पंथाची. जेथे पाप दडले आहे अशी कुजबुज होती, तेथे आमच्याच भाषेचे धन निघाले! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा ज्या प्राचीन वाङ्मयाचा अभिमान आपण मिरविला, त्यात हे धनही होते. मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले तेही महानुभावांची काशी जे रिद्धपूर, तेथेच.

कोणी म्हणेल, मग धर्माच्या नावाखाली चालणाऱ्या लबाडीकडे डोळेझाक करावी काय? मुळीच नाही. महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. त्याच्या अनुसूचीत दंडनीय कृत्ये सांगितली आहेत, पंथांची नावे नव्हेत. हीच खरी रीत होय. आरोप कृत्यावर आणि करणाऱ्यावर असावा. वेषावर, दैवतावर वा लिपीवर नसावा. अनोळखी पेढीची हुंडी आली म्हणून शहाणा व्यापारी ती न वाचता वटवीत नाही, तशी न वाचता फाडूनही टाकीत नाही. पंथांच्या बाबतीतही तेवढीच सावधगिरी आम्ही मागतो.

प्रतिवादीचे म्हणणे न ऐकता झालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची सोय कायद्यात आहे. ‘मानभावी’ या शब्दात नोंदलेला हुकूमनामा रद्द करणे मात्र कोणत्याही न्यायाधीशाच्या हाती नाही. ते मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर अवलंबून आहे.