गाडी गावातच ठेवा

"रोज चालत जा" असे सांगितले की पेशंटची उत्तरे ठरलेली असतात. पुरुष म्हणतात, वेळ नाही. बायका म्हणतात, "दिवसभर घरात चालतेच की मी, डॉक्टर!" चूल ते पडवी या फेऱ्यांनी माणूस थकतो हे खरे, पण त्यात दम क्वचितच वाढतो. प्रौढांनी आठवड्यातून निदान 150 मिनिटे दम वाढेल इतपत हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. गोळ्या नेमाने घेणारी माणसेही हा हिशेब करत नाहीत. म्हणून कधी कधी मी सबंध कुटुंबालाच एखादी सोपी टेकडी सुचवतो.

अशीच एक टेकडी दक्षिण गोव्यात कासावलीजवळ कुवेली गावात आहे. मडगावहून वास्कोकडे जाणाऱ्या लोहमार्गावर माजोर्ड्यानंतर कासावली स्टेशन लागते. टेकडीच्या माथ्यावर जुने पांढरे कपेल, म्हणजे छोटेखानी चर्च आहे. 6 जानेवारीला इथे तीन राजांचे फेस्त भरते. कासावली, आरोशी आणि कुवेली या तीन गावांतली तीन मुले राजांच्या वेषात, डोक्यावर मुकुट घालून, घोड्यावरून वर येतात. कपेल आहे 'नोसा सेन्योरा दोस रेमेदियोस' हिचे. रेमेदियोस म्हणजे उपाय, औषधे. डॉक्टरने या टेकडीची शिफारस करावी यात नवल ते काय!

पण वरपर्यंत गाडीरस्ता झाला आहे आणि माझी तक्रार तिथेच आहे. कुटुंब गाडीतून थेट माथ्यावर उतरते, समुद्राकडे पाठ करून फोटो काढते आणि दहा मिनिटांत खाली जेवायला जाते. गुडघे दुखणारी आजी तर गाडीतून उतरतही नाही. माझे म्हणणे एवढेच, की गाडी गावात ठेवा आणि सगळ्यांनी पायी चढा. सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला पुढे ठेवा, बाकीच्यांनी त्याच्या मागून चालावे. पोरे कुरकुरतील, कुरकुरू द्या. चढताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग पुरे.

आता खरे कारण सांगतो. दवाखान्यात पेशंट माझ्यासमोर खुर्चीवर बसलेला असतो. बसलेल्या माणसाचे हृदय सहसा तक्रार करत नाही. विश्रांतीत काढलेला कार्डिओग्रामही पुष्कळदा निर्दोष येतो. चढावर मात्र लपवलेले उघडे पडते, आणि ते पाहायला डॉक्टर नसतो, घरची माणसे असतात. एक गृहस्थ बरेच दिवस 'गॅस' म्हणून सोडा पीत होते. त्यांच्या पत्नीने मला सांगितले, "देवळाच्या चढावर हे तीनदा थांबले, आणि दर वेळी चपलेचा पट्टा नीट करायचे नाटक केले." निदानाची दिशा त्या माउलीने दिली, पुढचे काम ट्रेडमिलवरच्या तपासणीने केले. चढताना छातीत दडपण येते, हात किंवा जबडा भरून येतो आणि पाच मिनिटे थांबले की बरे वाटते, हे गॅसचे लक्षण समजू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या. बसल्यावरही दडपण जात नसेल किंवा दरदरून घाम फुटला, तर सोडा-लिंबू शोधत न बसता 108 ला फोन करा.

सुनेला धाप लागली तर "वजन वाढलंय" म्हणून हसून सोडून देतात. तिची जीभ आणि पापणीच्या आतली बाजू पाहा. फिकट दिसली तर हिमोग्लोबिन तपासायला हवे. घरातल्या सगळ्यांचे जेवण होईपर्यंत थांबणाऱ्या बाईच्या ताटात शेवटी काय उरते, हे मी वेगळे सांगायला नको.

इन्शुलिन किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, गार घाम आला, की तीन-चार चमचे साखर लगेच खाऊन बसावे. आणि नवस म्हणून अनवाणी चढू नये. मधुमेहात तळव्यांची संवेदना गेलेली असली तर जांभ्याचा खडा रुतलेला कळत नाही, कळते ते जखम चिघळल्यावर. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, पायाला जखम असेल किंवा अंगात ताप असेल, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. पाणी, टोपी वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच.

गुडघे दुखतात ते बहुधा उतरताना. काठी घ्यावी, पावले लहान टाकावीत. आजीला उतार जड वाटला तर मुलाने गावात जाऊन गाडी वर आणावी, त्यात कमीपणा नाही. ती चढून आली आहे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, तेव्हा जाऊ नका. फेस्ताच्या दिवशी गर्दी फार असते. त्यानंतरचा जानेवारीतला एखादा रविवार बरा, आणि सकाळी आठच्या आत चढायला लागा.