ओढ्याच्या दोन कांठीं

नकाशावर सीमेची तांबडी रेघ ओढावयास मीं मुलांना जन्मभर शिकविलें. ती कोणाच्या अंगणांतून जाते, हें मात्र कधीं मनांत आलें नाहीं. जर्मनींत म्योड्लारॉइट नांवाचें जेमतेम ५० वस्तीचें खेडें आहे. मधून टानबाख ओढा वाहतो; मुलानें सहज उडी मारून ओलांडावा एवढाच. एका कांठीं बव्हेरिया, दुसऱ्या कांठीं थुरिंगिया. १८१० सालीं तेथें सीमेचे दगड रोवले गेले, तरी उभय कांठांच्या मुलांची शाळा एकच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच सीमा अमेरिकन व रशियन अंमलांची, पुढें पश्चिम व पूर्व जर्मनीची झाली. १९५२ सालीं लांकडी कुंपण आलें. १९६६ सालीं सुमारें ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. पूर्वेकडील लोकांनीं पलीकडच्या आप्तांस नुसता हात हालविणेंहि निषिद्ध! बर्लिनची भिंत जगास ठाऊक. या खेड्याचें दुःख कोणास ठाऊक?

९ डिसेंबर १९८९ रोजीं भिंतींतून वाट मोकळी झाली. भिंतीचा कांहीं भाग आजहि मुद्दाम राखला आहे. प्रांत अद्याप दोनच. बव्हेरियाच्या कांठीं भेटतांना, आपल्या रामरामाप्रमाणें, देवाचें नांव घेऊन ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात. पलीकडे ‘गुटेन टाग’.