अवघड जागेचे दुखणे

मराठवाड्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. पुढे खाजगी रुग्णालयांवर पूर्वपरवानगीची अट आली, केंद्र शासनाने मार्गदर्शक तत्त्वे आखली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व राज्यांना अंमलात आणावयास सांगितली. नव्या अनावश्यक शस्त्रक्रिया थांबाव्यात यासाठी हे सारे आवश्यकच होते. परंतु ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांच्या शरीराचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. आमच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी या भागांतूनही दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. बीडची शीव ओलांडताच चित्र पालटते, असे मानण्यास काहीच आधार नाही.

येथे थोडे शरीरशास्त्र समजून घ्यावे लागेल. आपल्या देशात पाळी सर्वसाधारणपणे ४६-४७ व्या वर्षी जाते. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले गेले, तर तीच अवस्था तिशीतल्या स्त्रीवर एका दिवसात येऊन आदळते. बीजांडकोश राखले तरी पुष्कळदा ते अकालीच थकतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटले की घाम फुटणे, अंगाची लाही होणे ही लक्षणे दिसू लागतात आणि बहुधा काही वर्षांत ओसरतातही. योनिमार्ग आणि मूत्रमार्ग यांच्या अस्तराचे दुखणे मात्र वयाबरोबर वाढतच जाते. अस्तर पातळ व कोरडे होते, तेथील आम्लता टिकविणारे हितकारक जंतू कमी होतात आणि आतड्यांतील उपद्रवी जंतूंना मोकळे रान मिळते. मग आग, खाज, घाईची लघवी, पुनःपुन्हा होणारा जंतुसंसर्ग आणि पतिसहवासातील असह्य वेदना. पाळी गेलेल्या निम्म्याच्या आसपास स्त्रियांना यांपैकी काही ना काही भोगावे लागते. त्यात फडावर कोयता चालविणारी आहे, तशीच शाळेत सहा तास लघवी रोखून धरणारी शिक्षिका आहे आणि कचेरीतली कारकून स्त्रीही आहे.

आपल्याकडे या साऱ्याला एकच नाव आहे : ‘उन्हाळी लागली’. परभणीचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना हे निदान पटतेही. सब्जा, धन्याचे पाणी, फार तर ताक. त्याने भागले नाही की दवाखाना. तेथे बहुधा मुलाच्या वयाचा डॉक्टर बसलेला असतो. अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य, ही म्हण ज्याने कुणी रचली त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातील बाह्यरुग्ण विभागच दिसला असावा. बाई ‘जळजळ होते’ एवढेच सांगते, तो प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहितो, आठ दिवस बरे वाटते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच बाई तीच तक्रार घेऊन पुन्हा रांगेत उभी राहते.

वस्तुतः या दुखण्यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. इस्ट्रिऑल हे सौम्य संप्रेरक असलेले मलम दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा योनिमार्गात लावावयाचे, इतकाच तो उपचार. रॅझ आणि स्टॅम यांनी वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांवर याचा प्रयोग केला. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, मलम लावणाऱ्यांत संसर्गाचे प्रमाण वर्षाकाठी सरासरी ०.५ होते, तर इतरांत ५.९. इतकी ठळक तफावत औषधांच्या प्रयोगांत क्वचितच पाहावयास मिळते.

असे असता हा उपचार मागे का पडला? २००२ च्या जुलैत अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील एक मोठा प्रयोग स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्यामुळे मध्येच थांबविण्यात आला. त्यांना पोटात घ्यावयाच्या, दोन संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जात होत्या; जादा आढळलेले रुग्ण वर्षाला दर दहा हजारांमागे आठ होते. पुढच्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने चौकटीतील धोक्याची सूचना सर्वच इस्ट्रोजेन औषधांवर छापावयास लावली. अल्प मात्रेच्या मलमातील संप्रेरक रक्तात अत्यल्प उतरते हे ध्यानात न घेता गोळी आणि मलम एकाच मापाने मोजले गेले. स्थानिक उपचार घेणाऱ्या स्त्रियांत कर्करोगाचे वा हृदयविकाराचे प्रमाण वाढत नसल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या निरीक्षणातून दिसले, ब्रिटनने सप्टेंबर २०२२ पासून पन्नाशीपुढील स्त्रियांना अशी योनिमार्गातील गोळी चिठ्ठीविना औषधविक्रेत्याकडे उपलब्ध करून दिली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनेही ती चौकट काढण्याचा निर्णय जाहीर केला. एका सरसकट सूचनेची किंमत स्त्रियांनी बावीस वर्षे मोजली. अर्थात ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी कर्करोगतज्ज्ञाला विचारल्यावाचून हे मलम वापरू नये, आणि पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल तर आधी त्याची तपासणी झालीच पाहिजे.

आता अर्थशास्त्राचा भाग. मागणी तसा पुरवठा असे आम्ही वर्गात शिकवितो. पण ज्या दुखण्याला नावच नाही त्याच्या औषधाला मागणी कोठून यावी? बाई बोलत नाही म्हणून डॉक्टर लिहीत नाही, तो लिहीत नाही म्हणून तालुक्याचा औषधविक्रेता माल ठेवीत नाही. दुसऱ्या बाजूने खर्च मात्र चालूच असतो : तपासणी फी, इंजेक्शन, सलाईन, आणि शिवाय बुडालेली मजुरी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती आजारी पडली की जोडी मोडते, मुकादम खाडा लावतो आणि उचल फिटत नाही. वारंवार दिलेल्या प्रतिजैविकांनी जंतू निर्ढावतात, त्याचा भार तर साऱ्या समाजावर पडतो. आणि वेदनेमुळे जवळ येण्यास नकार देणाऱ्या बाईला घरात जे ऐकून घ्यावे लागते, ते कोणत्याच राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात येत नाही. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले १९२७ साली. शतक भरत आले तरी नवरा-बायकोने एकमेकांशी या विषयावर बोलण्याइतकीही आपली भीड चेपलेली नाही.

उपाययोजना अवाढव्य नाही. पिशवी काढलेल्या स्त्रियांची गावनिहाय नोंद आशा कार्यकर्तीकडे असावी आणि तिने दोन प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामीण डॉक्टरांना ‘उन्हाळी’ या शब्दामागे काय दडलेले असते हे सांगण्याचे काम तेथील स्त्रीरोग विभागाने अंगावर घ्यावे. राहिला पैशाचा प्रश्न. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे आणि त्याच्यासाठी कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेतली जाते. अर्ध्या ग्रॅमची एक मात्रा धरली, तर पहिल्या पंधरवड्यास सात ग्रॅम आणि पुढे आठवड्याला एक ग्रॅम मलम लागते. पाच महिन्यांच्या हंगामाला १५ ग्रॅमच्या दोन नळ्या पुरतात. हंगामापूर्वी आरोग्यतपासणी करण्याच्या मोहिमा बीडमध्ये झाल्याच आहेत. गंगाखेड-पालममध्येही टोळी निघण्यापूर्वी ती व्हावी, गरज असलेल्या बाईच्या हाती या दोन नळ्या पडाव्यात, आणि कोपीवर त्या लावता येतील एवढे आडोशाचे न्हाणीघर व स्वच्छ पाणी देणे कारखान्यावर बंधनकारक करावे.