माउलीच्या दारी



आषाढी एकादशीच्या दुपारी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना त्यांच्या सुनेने रिक्षातून दवाखान्यात आणले. अंग घामाने थबथबलेले, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध झाले होते. रक्तातील साखर ४८ निघाली. सकाळी मधुमेहाची गोळी नेमाने घेतली होती. पोटात मात्र पाण्याचा थेंबही नव्हता. गिळता येत होते, म्हणून साखरेचे पाणी पाजले. हळूहळू त्या भानावर आल्या.

मी रागे भरणार, तोच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांच्या शेवटच्या रात्री माझा डोळा लागला. पहाटे जाग आली, तर हे गेलेले. तेव्हापासून निर्जळी करते. देवानं पदरात घ्यावं, म्हणून."

सून दाराशी डोळे पुसत उभी होती. सकाळी ती सासूबाईंवर ओरडली होती. आणि मी? गोळी लिहून देताना उपवासांविषयी विचारायचेच राहिले होते. खोलीत आम्ही तिघे होतो आणि तिघांनाही काही ना काही सलत होते.

आजींना मी एवढेच म्हणालो, की कित्येक रात्री जागून सेवा करणाऱ्या देहाला झोप लागते, तो अपराध नव्हे. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात. आई लेकराच्या चुका मोजत बसत नाही. एकनाथांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजले. संकल्प अपुरा राहिला, तरी सेवा देवापर्यंत पोहोचली, असेच आपण मानतो. मग आपला थकलेला देहही तहानलेला जीवच नाही का?

दयेवर विश्वास ठेवणे म्हणजे चुकीकडे डोळेझाक करणे नव्हे. त्या दिवसापासून मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला मी उपवासांविषयी विचारतो. आपणही न विचारता आपल्या डॉक्टरांना सांगावे. उपवासाच्या दिवशीची गोळी, तिची मात्रा आणि वेळ त्यांच्याकडून ठरवून घ्यावी. मनाने बंद करू नये.

घरच्यांनी लक्षात ठेवावे : घाम, थरथर, एकाएकी चिडचिड वा गोंधळ दिसल्यास साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि रुग्णाला नीट गिळता येत असेल, तर लहान चमच्याने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजून कमी असल्यास तेवढीच साखर पुन्हा द्यावी, वाढल्यावर खायला द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना कळवावेच.

आणि अपराधाची बोचणी दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप वा भूक हिरावून घेत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यावर उपचार आहेत.

कार्तिकीनंतर आजी तपासणीला आल्या. सुनेचा हात धरून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "यंदा एकादशीला दूध-केळं घेतलं हो. हिनंच भरवलं. देव काही रागावला नाही."