एक्केचाळीस वर्षांचा फ्रेशर

ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी दोन विषय कायम हाउसफुल असतात. एक म्हणजे अप्रेझल आणि दुसरा "सोडून द्यावं राव हे सगळं!" पहिला वर्षातून एकदा पेटतो, दुसरा दर सोमवारी. या दुसऱ्या विषयात कुणीतरी हमखास एक स्टोरी काढतं. अमक्याने चांगली नोकरी सोडली, मनातलं केलं आणि बघा, कुठल्या कुठे पोचला! अशा स्टोऱ्यांमध्ये ॲलन रिकमनचा नंबर बराच वरचा लागतो.

रिकमन म्हणजे हॅरी पॉटरमधला प्रोफेसर स्नेप. तोच तो, काळा पायघोळ झगा, तेलकट केस आणि एकेक अक्षर चघळून चघळून बाहेर सोडणारा आवाज. पॉटरशी ज्यांचं देणंघेणं नाही त्यांच्यासाठी 'डाय हार्ड'मधला व्हिलन हान्स ग्रुबर. आणि ज्यांना हाणामारीही नको, त्यांच्यासाठी 'लव्ह ॲक्च्युअली'मधला तो नवरा, जो नेकलेस घेतो पण बायकोसाठी घेत नाही. (त्या सीननंतर माझ्या ओळखीतल्या तमाम मुलींनी त्याच्याशी कट्टी घेतली होती. मीही. पण आवाज ऐकला की पुन्हा दोस्ती.)

तर कॉफी मशीनवरची स्टोरी अशी. ग्राफिक डिझायनर होता, २६व्या वर्षी धंदा सोडला, नाटकाच्या शाळेत गेला, हॉलिवूडचा स्टार झाला. टाळ्या. स्टोरी खरी आहे. फक्त तिच्या मधोमध तब्बल सोळा वर्षं गडप झाली आहेत आणि मला विचाराल तर सगळा माल तिथेच आहे.

पण आधी २६ पर्यंत कसा आला ते बघू. जन्म २१ फेब्रुवारी १९४६, पश्चिम लंडनमधलं ॲक्टन. घर कामगाराचं. हा आठ वर्षांचा असताना वडील कॅन्सरने गेले आणि चार मुलांचा संसार आईच्या अंगावर पडला. मुलगा हुशार होता, स्कॉलरशिपवर लॅटिमर अप्पर या चांगल्या शाळेत गेला, तिथे नाटकंही केली. पण शाळा संपल्यावर निवडलं काय, तर चेल्सीचं आर्ट कॉलेज. अठराव्या वर्षी नाटकाच्या शाळेत जाणं हे काही शहाणपणाचं समजलं जात नव्हतं, असं त्यानेच पुढे सांगितलंय. आपल्याकडे काय वेगळं असतं? "आधी डिग्री घे, मग काय ते नाटकबिटक कर." लंडन असो की डोंबिवली, आईबापांची टेन्शनं सेमच.

चेल्सीनंतर रॉयल कॉलेज ऑफ आर्ट झालं. मग 'नॉटिंग हिल हेराल्ड' नावाच्या पेपरचं डिझाइन आणि मित्रांबरोबर स्वतःचा स्टुडिओ. स्टुडिओचं नाव 'ग्राफिटी'. तीनेक वर्षं तो चालवला आणि १९७२ मध्ये राडाला, म्हणजे रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टला, सरळ पत्र लिहून ऑडिशन मागितली. जागा मिळाली. वर्गात शाळेतून थेट आलेली पोरं आणि हा सव्वीस वर्षांचा, धंदा करून आलेला. शिकताना पोट भरायला त्याने पत्करलेलं काम मला भलतंच आवडतं. तो ड्रेसर झाला. नाटकाच्या भाषेत सांगायचं तर कपडेपटावरचा माणूस. नटाचे कपडे तयार ठेवायचे, दोन प्रवेशांच्या मधल्या मिनिटा-दोन मिनिटांत अंगावरचा कोट उतरवून दुसरा चढवायचा. काल स्वतःचा स्टुडिओ असलेला मालक आज दुसऱ्याची बटणं लावतोय. पण ती बटणं कुणाची होती? नायजेल हॉथॉर्न आणि सर राल्फ रिचर्डसन यांची. रिचर्डसन म्हणजे इंग्रजी रंगभूमीवरचं बावनकशी सोनं. विंगेत उभं राहून रोज रात्री हा माणूस बघायला मिळणं ही वेगळीच फी होती.

१९७४ मध्ये राडातून बाहेर पडला आणि इथून पुढे स्टोरी सांगणाऱ्यांची कॅसेट एकदम १९८८ वर उडी मारते. मधल्या चौदा वर्षांत साहेब काय करत होते? गावोगावी नाटकं. इंग्लंडमध्ये तेव्हा शहराशहरांत रेपर्टरी थिएटर्स होती. कंपनी एकच, दर थोड्या आठवड्यांनी नाटक नवं. एकाची प्रॅक्टिस दिवसा, दुसऱ्याचा प्रयोग रात्री. मँचेस्टर, शेफील्ड, बर्मिंगहॅम असं करत करत १९७८ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत प्रवेश मिळाला. नटासाठी हे म्हणजे मोठ्या ब्रँडचं अपॉइंटमेंट लेटर. पण तिथे तो रमला नाही. मोठी कंपनी, छोटे रोल. सीझन संपवून बाहेर पडला. लक्षात घ्या, हा त्याचा दुसरा राजीनामा आणि हा कुणीच सांगत नाही. कारण पहिला राजीनामा स्वप्नासाठी होता, दुसरा देताना तो स्वप्नाच्या आतच उभा होता.

माझा एक मित्र आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा, तीन वर्षांपूर्वी सोडलं, आता प्रायोगिक नाटकं आणि मालिकांमध्ये 'इन्स्पेक्टर दोन' वगैरे. निरोपाच्या पार्टीत आम्ही सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. हल्ली भेटला की लोक विचारतात, "मग, सध्या काय चाललंय?" प्रश्न साधा आहे, पण 'सध्या' या शब्दावर असा काही जोर असतो की तो पुढच्या वेळी येतच नाही. सोडण्याच्या दिवशी टाळ्या मिळतात. तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी घरी बसलेल्या माणसाला कोण टाळ्या देणार? रिकमनचे असे मंगळवार मोजायला बसलो तर कॅल्क्युलेटर लागेल.

त्याच्या त्या मंगळवारांत एक गोष्ट मात्र कायम होती. रीमा हॉर्टन. १९६५ मध्ये भेटले तेव्हा तो १९ चा आणि ती १८ ची. १९७७ पासून एकाच घरात. ती अर्थशास्त्राची लेक्चरर, शिवाय वीस वर्षं लेबर पक्षाची नगरसेविका. फिल्मी दुनियेशी तिचा संबंध एवढाच की ती त्याच्याबरोबर राहायची. आणि लग्न? २०१२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये, पाहुणे शून्य. भेटल्यानंतर ४७ वर्षांनी! लग्न झाल्यावर दोघं ब्रुकलिन ब्रिजवरून चालत गेले आणि जेवले. त्याने दोनशे डॉलरची अंगठी घेतली होती, ती रीमा घालत नाही, हेही त्यानेच २०१५ मध्ये सांगून टाकलं. जगाला लग्नाची बातमी तेव्हा कळली. आमच्याकडे एंगेजमेंटचं प्री-शूट दोन लाखांत होतं, जाऊ दे.

१९८२ मध्ये बीबीसीच्या 'बारचेस्टर क्रॉनिकल्स'मध्ये त्याने स्लोप नावाचा एक गुळगुळीत, लाळघोट्या पाद्री केला आणि लोकांनी नाव विचारलं. मग १९८५ मध्ये ज्या कंपनीतून निघून गेला होता तिथेच परत येऊन 'ले लिएझाँ डांजरेझ' हे नाटक. त्यातला व्हाल्मों म्हणजे बायकांना गळाला लावणं हा खेळ समजणारा फ्रेंच सरदार. स्ट्रॅटफर्डच्या छोट्याशा थिएटरात सुरू झालेलं हे नाटक लंडनला गेलं, १९८७ मध्ये ब्रॉडवेला गेलं, त्याला टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं. तो आवाजही इथेच कामाला आला. जन्मापासून त्याचा जबडा नीट मोकळा हलत नसे. ज्या शब्दओढीवर पुढे दुनिया फिदा झाली, तिचं मूळ या अडचणीत होतं.

आणि मग त्याच नाटकाचा सिनेमा निघाला. रोल मिळाला जॉन माल्कोविचला.

दोन वर्षं रात्रंदिवस तुम्ही प्रोजेक्ट उभा केलाय आणि क्लायंटसमोर प्रेझेंटेशनला दुसराच जातोय, असं कधी झालंय? मग तुम्हाला पुढचं सांगायला नको. पण ब्रॉडवेवर ते नाटक बघून गेलेल्यांत जोएल सिल्व्हर नावाचा हॉलिवूडचा निर्माता होता. त्याला एका ॲक्शनपटासाठी व्हिलन हवा होता. १९८८ मध्ये माल्कोविचचा सिनेमाही आला आणि 'डाय हार्ड'ही. रिकमनचा हा पहिलाच सिनेमा. शूटिंग सुरू झालं तेव्हा वय ४१. फ्रेशर!

आता या फ्रेशरने काय केलं बघा. स्क्रिप्टमध्ये व्हिलन म्हणजे नेहमीचा दणकट अतिरेकी. रिकमनने निर्मात्यासाठी चिठ्ठी ठेवली की मी सूट घातला तर? म्हणजे मग हा माणूस प्रसंगी ओलीस धरलेल्यांपैकीच एक असल्याचं सोंग घेऊ शकेल. आधी सांगू ते कपडे घाल म्हणून त्याला उडवून लावलं, पण शेवटी सूटही आला आणि तो सीनही लिहिला गेला. ग्रुबर अमेरिकन उच्चारात बोलून ब्रूस विलिसला चक्क गंडवतो, आठवतंय? सिनेमातला सगळ्यात भारी सीन एका नवख्या नटाच्या चिठ्ठीतून आलाय. मला यात सरळसरळ ग्राफिक डिझायनर दिसतो. कपड्याने माणसाची ओळख कशी बदलते, हे कागदावर आकार मांडणाऱ्याला कळतं. कपडेपटावर दुसऱ्याचे कोट सांभाळलेल्याला तर जास्तच. 'वाया गेलेली वर्षं' तिथे सूट घालून उभी होती.

शेवटी ग्रुबर इमारतीवरून खाली पडतो तो शॉटही फेमस आहे. तीन म्हटल्यावर सोडू असं स्टंटवाल्यांनी सांगितलं होतं, सोडलं एक म्हणताच. चेहऱ्यावरची ती भीती शंभर टक्के ओरिजिनल!

त्यानंतर 'रॉबिन हूड'मधला शेरीफ. हा रोल त्याने आधी नाकारला होता, हवं तसं कर म्हटल्यावर घेतला. मग संवाद पचेनात म्हणून मैत्रीण रुबी वॅक्स आणि नाटककार पीटर बार्न्स यांना गुपचूप पिझ्झाच्या दुकानात बसवून नव्या ओळी काढून घेतल्या. १९९१ च्या त्या सिनेमात केव्हिन कॉस्टनर हिरो होता, हे लोकांना आठवून सांगावं लागतं. बाफ्टा मिळाला. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तला अबोल कर्नल ब्रँडन झाला, 'रासपुतिन'साठी एमी आणि गोल्डन ग्लोब झाले. ऑस्करचं नामांकन मात्र एकदाही नाही. आणि सगळं गुळगुळीत चाललं होतं असंही समजू नका. १९९८ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये हेलन मिरेनबरोबर 'अँटनी अँड क्लिओपात्रा' केलं, तर समीक्षकांनी सोलून काढलं. वय ५२. नाव मोठं झाल्यावर आपटण्याचा आवाजही मोठा येतो. तीनच वर्षांत तो 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' घेऊन पुन्हा स्टेजवर उभा होता, बरोबर व्हाल्मोंच्या काळातलीच जोडीदारीण लिंडसे डंकन. ते ब्रॉडवेपर्यंत गाजलं.

२००१ मध्ये स्नेप आला. लेखिका रोलिंगने सुरुवातीलाच त्याला एक छोटंसं गुपित सांगितलं होतं. शेवटचं पुस्तक २००७ मध्ये आलं, तोवर ते त्याने पोटात ठेवलं. आम्ही स्नेपला शिव्या घालत होतो तेव्हा तो एकटा वेगळीच गोष्ट करत होता. आता परत तेच आठ सिनेमे बघा, त्याची नजर कुठे कुठे थांबते ते बघा.

पण त्याच्या डायऱ्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्यात आमच्या ऑफिसातल्या कुणाचीही वाटावी अशी नोंद निघाली. दुसरा पॉटर येऊन गेला, डिसेंबर २००२, आणि हा एजंटला सांगतोय की आता पॉटर बस्स. लोक ऐकायला तयार नाहीत, हेही लिहून ठेवलंय. अख्ख्या जगाला हेवा वाटेल असा जॉब, पैसा, कौतुक आणि आत मात्र "मला इथून बाहेर काढा." २००५ मध्ये त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, जानेवारी २००६ मध्ये ऑपरेशन झालं आणि त्याच महिन्याअखेर त्याने पाचव्या पॉटरला होकार दिला. ना फार आनंद, ना दुःख. ही गोष्ट तुझी आहे, ती शेवटपर्यंत ने, हा मुद्दा जिंकला.

दोनदा सोडून गेलेला माणूस इथे थांबला. कॉफी मशीनवर ही स्टोरी कधी कुणी काढली नाही. थांबण्याला ग्लॅमर नसतं ना. मला मात्र ती नोंद वाचून त्याच्या २६व्या वर्षाबद्दलही जास्त विश्वास वाटायला लागला. तेव्हा त्याने केलं ते काही किकसाठी नव्हतं. दर वेळी काम कुठे आहे ते बघून तो जायचा किंवा राहायचा.

डॅनियल रॅडक्लिफने सांगितलेली गोष्ट तर कमाल आहे. पॉटरच्या बाहेर हा पोरगा स्टेजवर जे जे करायचा ते बघायला रिकमन पोचायचा, लंडन असो की न्यूयॉर्क. सुट्टी अर्धवट टाकूनसुद्धा. प्रयोगानंतर जेवायला न्यायचा, बोलायचा. ज्याने विंगेतून रिचर्डसन बघितला होता तो आता प्रेक्षकांत बसून पुढचा बघत होता.

ऑगस्ट २०१५ मध्ये पँक्रियाजचा कॅन्सर निघाला. फार थोड्या लोकांना सांगितलं. १४ जानेवारी २०१६ ला गेला, वय ६९. जाण्याच्या जेमतेम महिनाभर आधी त्याने एक काम केलं होतं. ऑक्सफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी निर्वासितांसाठी पैसे उभे करायला एक व्हिडिओ बनवला. तुम्ही तो नुसता बघायचा, जाहिरातींचे पैसे मदतीला जाणार. व्हिडिओत एक कासव सावकाश, अगदी सावकाश स्ट्रॉबेरी खातं. बाकी काहीच घडत नाही. आणि मागून तो आवाज आपल्याला सांगत असतो की हे बघा, आणि दुसऱ्यांनाही बघायला सांगा.