अमृतधारेने सांडपाणी शुद्ध होईल?

मिसळीच्या रश्श्यावर लाल तवंग का येतो? मिरचीतील रंगद्रव्य पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळते. म्हणून ते तेलाबरोबर वर येते. याच तत्त्वाने कारखान्यांच्या सांडपाण्यातील विषारी द्रव्ये काढता येतात. पाण्यात न मिसळणारे द्रावक घालून सांडपाणी घुसळावयाचे, स्थिर होऊ द्यावयाचे आणि द्रावकाचा थर वेगळा करावयाचा. याला द्रावक निष्कर्षण म्हणतात.

दगडी कोळशापासून कोक बनविणाऱ्या भट्ट्यांच्या सांडपाण्यात फिनॉल हे विषारी द्रव्य असते. ते काढण्यासाठी बेंझिन वापरीत. पण बेंझिनमुळे कर्करोग होतो! एक विष काढावयास दुसरे विष, असा हा प्रकार. म्हणून पर्यावरणस्नेही द्रावकांचा शोध सुरू झाला.

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचे अ‍ॅबट आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली दाखविले, की १३३ अंश सेल्सियसला वितळणारा युरिया आणि ३०२ अंशांना वितळणारे कोलीन क्लोराइड यांचे योग्य मिश्रण सुमारे १२ अंशांनाही द्रवरूप असते. मात्र हे मिश्रण पाण्यात विरघळते; सांडपाण्यातून विष वेगळे करावयास ते कुचकामी. पुढे पाण्यात सहज न मिसळणारी मिश्रणे निघाली. त्यांपैकी एक आहे पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉल, आणि ओव्याचे फूल, म्हणजे थायमॉल यांचे. हे दोन्ही घन स्फटिक एकत्र ठेवले की आपोआप पातळ होतात. त्यांत कापूर मिसळला की झाली आपली घरगुती अमृतधारा!

मग प्रश्न सुटला का? माझ्या मते, नाही. वनस्पतीपासून मिळाले म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडला पाहिजे. थायमॉल हे फिनॉलच्याच कुळातले. शुद्ध थायमॉल लिटरभर पाण्यात सुमारे १ ग्रॅम विरघळते. आपल्याकडे नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात फिनॉलवर्गीय द्रव्यांची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्याच्या हजारावा भाग! मिश्रणातून थायमॉल कमी विरघळेल हे खरे. पण किती कमी, ते मोजल्याशिवाय समाधान मानता येणार नाही.

दुसरी गोष्ट, निष्कर्षणाने फिनॉल नष्ट होत नाही. ते केवळ पाण्यातून द्रावकात जाते. ते द्रावकातून परत मिळवून कामी लावले नाही आणि द्रावक पुन्हा पुन्हा वापरले नाही, तर विषाने फक्त घर बदलले, असे होईल.

म्हणून ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. द्रावक पाण्यात किती उरते? काढलेल्या विषाचे पुढे काय होते? तेच द्रावक किती वेळा वापरता येते? शिक्षकांनीही वर्गात हे प्रश्न अवश्य चर्चेला घ्यावेत. त्यांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तरच त्या द्रावकाला पर्यावरणाचा मित्र म्हणावे.